गच्चीवर होता तो राजा : बायबलच्या कथा पडद्यावर आणणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बायबलमधील कथांवर चित्रपट आणि मालिका करणारे लेखक, दिग्दर्शक, निर्माते,
तसेच त्यांचं मराठी-हिंदी डबिंग करणारी मंडळी

सप्रेम सलाम.

नगर जिल्ह्यातल्या एका लहान चर्चच्या मंडळीत मी बरीच वर्षं संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबल-वर्ग, घेते. माझ्या वर्गात येणारी मुलं बायबल उघडण्याआधी बायबल बघून आलेली असतात. कुणी मोबाइलवर, कुणी घरच्या टीव्हीवर, कुणी नाताळच्या सुट्टीत मामाच्या लॅपटॉपवर. मोशे कसा दिसतो, हे त्यांना मी सांगण्याआधीच ठाऊक असतं. तुमचं काम त्यांच्यापर्यंत माझ्या आधी पोचतं, म्हणून हे पत्र तुम्हाला.

बायबलला हात लावू नका, पडद्यावर आणूच नका, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. तसं म्हणणं मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभणारही नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ छापलं, तेव्हा अख्खी पवित्र कथा त्यांनी मराठी ओवीत सांगितली. ना. वा. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी नेटाने पुरं केलं. कथा आपल्या भाषेत, आपल्या लयीत पुन्हा सांगायची ही रीत आमच्या घरातलीच आहे. आणि सिनेमाचं म्हणाल, तर १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहताना दादासाहेब फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले, आणि त्यातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. पडद्यावरच्या येशूचं या देशाच्या सिनेमावर एवढं ऋण आहे. तेव्हा माझी तक्रार कथा सांगण्याबद्दल नाही. तुम्ही ती सांगताना ज्याने जे केलं ते त्याच्या नावावर राहू देत नाही, याबद्दल आहे.

कल्पनेशिवाय तुमचं भागणार नाही, हे मला कळतं. नोहाचंच घ्या. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात त्याची गोष्ट सुरू होते. तारू बांधलं जातं, प्रलय येतो, ओसरतो, वेदी उभी राहते, इंद्रधनुष्य उमटतं, आणि या सगळ्यात नोहा एक अक्षर बोलत नाही. त्याच्या तोंडचं पहिलं वाक्य नवव्या अध्यायाच्या पंचविसाव्या वचनात येतं, आणि तेही शापाचं. मग दोन तासांहून मोठा चित्रपट करायचा तर त्याला बोलतं करावंच लागणार. बायकोशी तो काय बोलला, रात्री पावसाचा आवाज ऐकत मुलं काय कुजबुजली, हे तुम्ही रचा. शास्त्राने तिथे जागा मोकळी सोडली आहे.

डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्की यांचा २०१४ चा ‘नोआ’ आला तेव्हा त्यातल्या दगडी अंगाच्या राक्षसांवरून गदारोळ झाला. ते राक्षस मला एवढे टोचले नाहीत. हनोखाच्या नावावरच्या जुन्या यहुदी ग्रंथातल्या पतित देवदूतांची ती सावली आहे, आणि असलं काही बायबलमध्ये नाही, हे चौथीतल्या मुलालाही सांगावं लागत नाही. मला टोचलं ते दुसरंच. उत्पत्ती स्पष्ट सांगते की तारवात नोहा, त्याची बायको, शेम, हाम, याफेथ आणि तिघांच्या तीन बायका शिरल्या. पेत्राच्या पहिल्या पत्रातही आठ जण वाचल्याचं लिहिलं आहे. चित्रपटात सून एकच. हामला बायको नाही, आणि त्या उणिवेवरच सगळा डोलारा उभा केला आहे : मानवजात संपावी हीच देवाची इच्छा, असं समजून नोहा तारवात जन्मलेल्या जुळ्या नातींवर सुरा उचलतो. शास्त्रात तीन सुना पहिल्या दिवसापासून तारवात आहेत. उद्याची सोय करूनच देवाने दार बंद केलं आहे. ज्या गोष्टीत देवाने वंश राखला, ती गोष्ट ‘देवाला वंश नको असावा’ या शंकेवर उभी केली, तर मोकळी जागा भरली असं नाही म्हणता येत. तिथे लिहिलेलंच खोडलं.

हा फरक माझ्या मनात अगदी पक्का आहे, आणि पुढचं सगळं पत्र त्यावरच आहे.

आता दावीद राजाकडे या. दुसरे शमुवेल या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाचं पहिलंच वचन बघा : राजे ज्या दिवसांत लढाईवर जातात त्या दिवसांत दावीद यरुशलेमेत राहिला. सैन्य राब्बा शहराच्या वेढ्यात, राजा घरी. संध्याकाळी तो बिछान्यावरून उठतो, राजवाड्याच्या गच्चीवर फेऱ्या घालतो आणि तिथून एक स्त्री स्नान करताना त्याला दिसते. ती कुठे स्नान करत होती, हे शास्त्र सांगत नाही. गच्चीवर कोण होतं ते सांगतं : राजा. तो चौकशी करतो, ती बथशेबा, त्याच्याच सैन्यातल्या उरीयाची बायको आहे हे त्याला कळतं, आणि हे कळल्यावर तो माणसं पाठवून तिला आणवतो. अख्ख्या अध्यायात बथशेबाच्या तोंडी एकच निरोप आहे : मी गरोदर आहे. मग उरीयाला लढाईवरून बोलावणं, त्याला घरी पाठवण्याची खटपट, त्याचं राजवाड्याच्या दाराशी शिपायांबरोबर झोपणं, आणि शेवटी सेनापती यवाबाला लिहिलेलं ते पत्र, जे दावीद उरीयाच्याच हाती देतो. स्वतःच्या मरणाचा हुकूम घेऊन तो बिचारा परत जातो.

एवढं धडधडीत लिहिलेलं असताना १९५१ च्या ‘डेव्हिड अँड बथशेबा’ या चित्रपटात काय होतं? बथशेबाच कबूल करते की राजा रोज संध्याकाळी गच्चीवर फिरतो हे तिला ठाऊक होतं, त्याच्या नजरेत भरावं अशी तिची आशा होती. एका संवादात राजाच्या पापातला अर्धा वाटा तिच्या पदरात पडला. आणि हे एकट्या त्या चित्रपटाचं नाही. चित्रांत, प्रवचनांत, पडद्यावर तिला मोहिनी करून ठेवायची खोड फार जुनी आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी मला म्हणाली, ‘टीचर, तिने दार लावून आंघोळ करायला पाहिजे होती ना?’ तेरा वर्षांची मुलगी हे म्हणते, तेव्हा ती बायबलमधून शिकलेली नसते.

त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि बारावा अध्याय वाचायला लावला. नाथान संदेष्टा दावीदापुढे येऊन एक गोष्ट सांगतो. एका गरिबाकडे एकुलती एक लहानशी मेंढी होती. त्याच्या घासातला घास ती खाई, त्याच्या कुशीत झोपे, त्याला मुलीसारखी होती. शेजारी एक श्रीमंत, त्याच्याकडे कळपच्या कळप. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपल्या कळपाला हात लावला नाही, गरिबाची ती मेंढी कापली. दावीद भडकतो, असं करणारा मेलाच पाहिजे म्हणतो. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. या गोष्टीत मेंढीचा काय दोष, हे मुलांना विचारावं लागलं नाही. मत्तयही येशूची वंशावळ लिहिताना बथशेबाचं नाव घेत नाही, ‘उरीयाची बायको’ म्हणतो. हजार वर्षांनंतरही दावीदाचा गुन्हा त्याने पुसू दिला नाही. तो आपण कोण पुसणार?

येशूची अनुयायी मरीया मग्दालीया, तिचं तर विचारूच नका. लूकाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूचरित्राच्या, आठव्या अध्यायात तिच्यातून सात भुतं निघाल्याचं आहे, आणि योहान्ना, सुसान्ना यांच्याबरोबर आपल्या पैशाअडक्याने येशूची सेवा करणाऱ्या स्त्रियांत तिचं नाव आहे. ती वेश्या होती, असं चारही शुभवर्तमानांत कुठे नाही. सहाव्या शतकाच्या शेवटी, ५९१ मध्ये, पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात लूकाच्या सातव्या अध्यायातली अनामिक पापी स्त्री, बेथानीची मरीया आणि मग्दालीया या तिघींची एकच करून टाकली, आणि चौदाशे वर्षं तेच चाललं. तुम्ही त्यावर झगमगाट चढवला. सेसिल डी’मिल यांचा १९२७ चा ‘द किंग ऑफ किंग्ज’ सुरूच होतो तो मग्दालीयेच्या विलासी महालात. यहूदा इस्कर्योत तिचा प्रियकर, आणि ती रथाला झेब्रे जुंपून येशूच्या शोधात निघते. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये उपासना-पंचांगात ही गल्लत दूर केली, २०१६ मध्ये तिच्या सणाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. २०१८ साली तिच्यावर आलेल्या चित्रपटाने शेवटच्या पाटीवर ही चूक सांगितली, त्याबद्दल त्या मंडळींचे मनापासून आभार. पुनरुत्थानाची बातमी जिने पहिल्यांदा आणली, तिला इतकी शतकं दुसऱ्या बाईच्या पापाखाली ठेवलं गेलं. ज्याला कॅमेरा हाती धरायचा आहे त्याने निदान लूकाचा सातवा आणि आठवा अध्याय लागोपाठ वाचून तरी बसावं.

स्त्रियांबद्दलच बोलतेय तर आणखी एक. मोशेची कथा सांगणाऱ्या निर्गम या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात फारोला नाव नाही. पुस्तकभर तो नुसता फारो. पण हिब्रू मुलगे जन्मताच मारा, हा त्याचा हुकूम न मानणाऱ्या दोन सुइणींची नावं मात्र लिहून ठेवली आहेत : शिप्रा आणि पुवा. कोणाचं नाव राखायचं, हे लिहिणाऱ्याने किती विचाराने ठरवलं असेल! तुम्ही १९५६ च्या ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये, १९९८ च्या ‘द प्रिन्स ऑफ इजिप्त’मध्ये, २०१४ च्या ‘एक्सोडस’मध्ये पुढे मोशेसमोर उभ्या राहिलेल्या फारोला रामसेस केलंत, त्याचा मोशेशी भावासारखा जिव्हाळा आणि मग वैर रंगवलंत. ते रंगवायला माझी हरकत नाही, गाणी तर फार सुंदर होती. पण त्या दोघी सुइणी लक्षात राहतील अशा मला कुठल्याच मोठ्या चित्रपटात भेटल्या नाहीत.

सगळ्यात जड गोष्ट आता लिहिते. येशूच्या दुःखसहनावरचे चित्रपट आमच्या मंडळ्यांत उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आसपास दाखवतात. २००४ चा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ पाहून लोक हुंदके देत बाहेर आलेले मी पाहिले आहेत, माझेही डोळे कोरडे राहिले नव्हते. तरी विचारते. फटके मारल्याचा उल्लेख शुभवर्तमानांत एका वचनाचा आहे. चित्रपटात तो संपता संपत नाही. त्यातले बरेच तपशील अ‍ॅन कॅथरीन एमरिच या जर्मन जोगिणीच्या दृष्टांतांच्या पुस्तकातून आले आहेत, जे तिच्या मरणानंतर १८३३ मध्ये निघालं. बघणाऱ्या शंभरातल्या किती जणांना हे ठाऊक असतं? आणि त्यात रोमी सुभेदार पिलात हळवा, अस्वस्थ, जवळजवळ सज्जन, तर यहुदी पुढारी आणि जमाव निर्दय. वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती, हुकूम रोमी सुभेदाराचा होता, खिळे रोमी शिपायांनी ठोकले. येशू यहुदी, त्याची आई यहुदी, त्याच्यासाठी रडणाऱ्या बाया यहुदी. असल्या दृश्यांनी युरोपात शतकानुशतकं यहुद्यांवर काय काय ओढवलं, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लिहून दिलं की येशूच्या दुःखसहनाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर घालता येत नाही. पडद्याने हे अजून पुरतं ऐकलेलं नाही.

मराठी वाचकाला ‘यहुदी’ म्हणजे कुणी दूरचे वाटत असतील, तर अलिबागकडे बघा. बेने इस्राएल लोक कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा मराठी कीर्तनांतून उभ्या केल्या. त्यांतले कितीतरी आज इस्राएलमध्ये राहतात आणि घरात मराठी बोलतात. चर्चमधला प्रोजेक्टर बंद झाल्यावर मुलांच्या मनात राहिलेला ‘येशूला मारणारा यहुदी’ आणि अलिबागच्या सिनेगॉगमध्ये तोच मोशे, तोच दावीद वाचणारा मराठी माणूस, यांची गाठ कोणी घालून द्यायची?

‘द चोझन’ या येशूच्या जीवनावरच्या मालिकेबद्दल लिहिलं नाही तर मुलं मला माफ करणार नाहीत. ती मालिका त्यांची लाडकी आहे, माझीही. शिष्य हसतात, भांडतात, त्यांना भूक लागते. सुरुवातीलाच पाटी लावून त्यांनी सांगितलं आहे की काही पात्रं, संवाद, पार्श्वभूमी आमची आहे, तुम्ही शुभवर्तमानं वाचा. एवढा प्रामाणिकपणाही सगळे दाखवत नाहीत. पण आमच्या बायबल क्विझमध्ये, येशू मरणातून उठला यावर आधी विश्वास न ठेवणाऱ्या शिष्याबद्दल, प्रश्न होता, ‘थोमाने शंका का घेतली?’ एका मुलाने लिहिलं : रामा नावाच्या त्याच्या होणाऱ्या बायकोला रोमी अधिकाऱ्याने मारलं आणि येशूने तिला उठवलं नाही, म्हणून. अक्षर सुरेख, उत्तर मनापासून, आणि शास्त्रात त्यातलं काही नाही. योहान एवढंच सांगतो की मरणातून उठलेला येशू आला तेव्हा थोमा तिथे नव्हता. आणि लूक सांगतो की बाकीच्यांनीही तो उठल्याचं स्त्रियांचं सांगणं बरळणं समजून सोडून दिलं होतं. म्हणजे शंका सगळ्यांचीच होती. मालिकेने थोमाला वेगळं कारण दिलं आणि त्यामुळे बाकीचे अकारण सुटले. येशूच्या तोंडी मालिकेने घातलेलं ‘वेगळ्याची सवय कर’ हे वाक्य टी-शर्टांवर छापलं गेलं. चार वर्षांनी कुणीतरी ते वचन म्हणून प्रवचनात वापरणार, याची मला खात्री आहे.

मग काय फक्त वचनं वाचून दाखवायची? तेही करून झालंय, आणि उत्तम झालंय. पिएर पाओलो पासोलिनी हा इटालियन दिग्दर्शक मार्क्सवादी, श्रद्धा न मानणारा. त्याने १९६४ मध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला, संवाद मत्तयाचेच ठेवले, दक्षिण इटलीतली साधी गावकरी माणसं घेतली, म्हाताऱ्या मरीयेच्या भूमिकेत स्वतःच्या आईला उभं केलं. पुढे व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने तो ख्रिस्तावरचा सर्वोत्तम चित्रपट म्हटला. लूकावर आधारलेला १९७९ चा ‘जीझस’ दोन हजारांहून जास्त भाषांत गेला, आपल्या खेड्यापाड्यांत चादर बांधून दाखवला गेला. म्हणजे मूळ शब्दांना धरून राहिलं तर प्रेक्षक येत नाहीत, हे तुमच्या बैठकांत कुणी म्हणालं तर ते खरं धरू नका. आणि विश्वास नसलेल्या माणसालाही मजकूर प्रामाणिकपणे वाचता येतो, हेही त्या एका चित्रपटाने दाखवून दिलंय. मला तुमची श्रद्धा तपासायची नाही. तुम्ही वाचलंय की नाही, एवढंच बघायचंय.

मागणं फार मोठं नाही. डी’मिल यांच्याबद्दल वर कडक लिहिलं, पण १९५६ च्या ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये ते स्वतः पडद्यासमोर आले आणि मोशेच्या तीसएक वर्षांबद्दल बायबल गप्प आहे, ती आम्ही फिलो, जोसिफस अशा जुन्या लेखकांवरून भरली, असं तोंडाने सांगितलं. श्रेयनामावलीत कादंबऱ्यांचीही नावं दिली. तेवढं तुम्हीही करा, आणि सुरुवातीच्या गोलमोल पाटीवर थांबू नका. भाग संपला की सांगा : आजचं हे दृश्य मार्कच्या अमुक अध्यायातलं, हे आमच्या कल्पनेतलं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि मुलं तिथे थांबवून बायबल उघडतात, माझा अनुभव आहे. येशूच्या तोंडी नवं वाक्य घालताना दहादा विचार करा. दुःखसहनाची पटकथा लिहून झाली की ती एखाद्या यहुदी अभ्यासकाला वाचायला द्या, आणि तो जे म्हणेल ते गंभीरपणे घ्या.

डबिंगवाल्यांना वेगळं सांगणं आहे. कित्येक डब केलेल्या प्रतींमध्ये ती सुरुवातीची पाटी इंग्रजीतच राहते, कुणी वाचूनही दाखवत नाही. ज्यांना तिची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ती कळत नाही. संवाद मराठीत करता, तशी पाटीही करा आणि आवाजात वाचा. आमच्या पाळकांनाही या निमित्ताने विनंती, की चित्रपट लावण्याआधी तो अध्याय मंडळीत वाचून घ्या, मग दिवे बंद करा.

दावीदावरची एक मालिका २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर सुरू आहे, आणखीही येतील. त्यातली जी कुणी दुसऱ्या शमुवेलाच्या अकराव्या अध्यायापर्यंत पोचेल, तिने बथशेबाच्या तोंडी कबुलीजबाब घालू नये, आणि वेळ कमी पडतो म्हणून नाथानचा प्रसंग कापू नये. तो भाग मी माझ्या वर्गाला दाखवीन, आणि पुढच्या क्विझमध्ये त्यावर प्रश्न काढीन.

कळावे,
आपली,
नगर जिल्ह्यातली एक संडे स्कूल शिक्षिका